स्वप्न पाहणारं बेट

मराठीत स्वप्न पडतं, नाहीतर माणूस ते पाहतो. जपानीतही स्वप्न पाहतात. त्यामुळे निन्टेण्डोने १९९३ साली गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर आणलेल्या एका खेळाचं मूळ नाव, 'युमे ओ मिरु शिमा', मराठीत जराही ओढाताण न करता उतरतं: स्वप्न पाहणारं बेट. इंग्रजीत त्याच खेळाचं बारसं झालं 'लिंक्स अवेकनिंग', म्हणजे लिंकला आलेली जाग. एक नाव झोपेचं, दुसरं जागं होण्याचं. झोप मोडल्यावर बेटावरच्या माणसांचं काय होतं, हे मात्र दोन्ही नावं सांगत नाहीत. खेळ सगळा त्या प्रश्नाभोवती फिरतो.

'द लेजेंड ऑफ झेल्डा' ही मालिका सुरू झाली फेब्रुवारी १९८६ मध्ये. तिचे जनक शिगेरू मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे गावात वाढले. लहानपणी आसपासच्या डोंगरांत भटकताना, अवचित सापडलेल्या गुहेत शिरताना जो थरार वाटायचा तो खेळात आणायचा होता, असं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. मालिकेचा साचा साधारण ठरलेला असतो. हायरूल नावाचं राज्य, झेल्डा ही राजकन्या, गॅनन हा खलनायक, ट्रायफोर्स हे दैवी शक्तीचं सोनेरी त्रिकूट, आणि हिरव्या अंगरख्यातला लिंक नावाचा मुलगा. तो तलवार आणि ढाल घेऊन एकामागून एक भुयारं पालथी घालतो, कोडी सोडवतो आणि शेवटी गॅननला लोळवतो. या जगात चलन म्हणून जी रंगीत रत्नं गोळा करायची असतात त्यांना 'रुपी' म्हणतात, हे कळल्यावर भारतीय खेळाडूला गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. नवख्यांची आणखी एक नेहमीची गल्लत म्हणजे, मालिकेचं नाव झेल्डा म्हणून त्या हिरव्या कपड्यांतल्या पोराचंच नाव झेल्डा, असं ते धरून चालतात.

'लिंक्स अवेकनिंग'मध्ये झेल्डा नाहीच. हायरूल नाही, ट्रायफोर्स नाही, आणि गॅनन आहे तो सावलीपुरता. मालिकेच्या चौथ्याच खेळात मालिकेचे सगळे खांब काढून घेण्याचं धाडस निन्टेण्डोसारख्या सावध कंपनीत कसं झालं, याचं उत्तर सोपं आहे. सुरुवातीला हा खेळ करायला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

काझुआकी मोरिता हे निन्टेण्डोतले प्रोग्रॅमर. गेम बॉयसाठी खेळ तयार करण्याचं यंत्र विभागात आलं तेव्हा त्यावर काय काय जमतं हे पाहावं म्हणून त्यांनी झेल्डासारखं काहीतरी करून बघायला सुरुवात केली. हळूहळू इतर सहकारी जमले. दिवसा नेमून दिलेलं काम, आणि ते उरकल्यावर हा उद्योग. शाळा सुटल्यावर पोरं मैदानात थांबतात तसं. १९९१ मध्ये टीव्हीला जोडायच्या सुपर फॅमिकॉमवर मालिकेतला 'अ लिंक टू द पास्ट' बाहेर पडला, त्याचे दिग्दर्शक ताकाशी तेझुका यांनी मग हातात धरून खेळता येईल असा झेल्डा करण्याची रीतसर परवानगी मागितली. बेत होता त्या मोठ्या खेळाचीच छोटी प्रत काढण्याचा. तो बेत बघता बघता मागे पडला आणि त्याजागी एक वेगळंच बेट उभं राहिलं. पुढे एका मुलाखतीत तेझुकांनी कबुली दिली की आपण झेल्डाचं विडंबन करतोय अशाच वृत्तीने ते काम चाललं होतं.

ही मोकळीक खेळात ठिकठिकाणी दिसते. मारिओच्या खेळातले मशरूमसारखे गूम्बा इथल्या भुयारांत हिंडतात. लिंक त्यांच्यावर उडी मारून त्यांना चिरडू शकतो. एका बाईने पाळलेला कुत्रा म्हणजे मारिओच्या खेळातला साखळीला बांधलेला दात विचकणारा लोखंडी गोळा. गावातल्या खेळण्यांच्या यंत्रातून उचलायची पहिली वस्तू मारिओच्याच खेळांतल्या योशीची बाहुली. राइट नावाच्या गृहस्थांना पत्रमैत्रीण आहे. ती पत्रासोबत फोटो पाठवते मारिओच्या खेळांतल्या राजकन्या पीचचा, आणि स्वतः असते एक शेळी. वाड्यात राहणारा राजपुत्र रिचर्ड तर १९९२ च्या, फक्त जपानमध्ये आलेल्या एका बेडकांच्या खेळातून सरळ उचलून आणलेला. हे पाहुणे इथे कसे, असा प्रश्न पडतो. त्याला पुढे अगदी चपखल उत्तर मिळतं. स्वप्नात कोणीही कुठेही येतं.

तेझुकांच्या डोक्यात त्या काळात एक अमेरिकी टीव्ही मालिकाही होती. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची १९९० सालची 'ट्विन पीक्स'. एक छोटं गाव, मोजकीच माणसं, आणि प्रत्येकाचं वागणं जरासं खटकणारं. झेल्डातही अशी संशय घ्यावा अशी माणसं असावीत, एवढं तेझुकांनी सांगितलं. बाकीचं केन्सुके तानाबे आणि योशिआकी कोइझुमी या दोघांवर सोपवलं. डोंगरमाथ्यावर भलंमोठं अंडं आणि ते फुटलं की जगाचा शेवट, ही कल्पना तानाबेंची. तिला गोष्टीचं रूप दिलं कोइझुमींनी. ओसाकाच्या कला विद्यापीठातून चित्रपट आणि नाटकाच्या वाटेने आलेला हा तरुण तोवर 'अ लिंक टू द पास्ट'ची माहितीपुस्तिका लिहिण्यापर्यंतच पोचला होता. पुढे 'मेजोराज मास्क' आणि 'सुपर मारिओ गॅलक्सी' या खेळांमुळे त्यांचं नाव झालं. पण ज्याला त्यांचा खास सूर म्हणावा, हसऱ्या चेहऱ्यामागे लपलेली हुरहुर, तो पहिल्यांदा लागला तो इथे.

आता गोष्ट. वादळात लिंकचं गलबत फुटतं आणि तो कोहोलिंट नावाच्या बेटाच्या वाळूत बेशुद्ध सापडतो. मॅरिन नावाची मुलगी त्याला घरी आणते. डोळे उघडताना तो तिलाच झेल्डा समजतो आणि ती आपलं खरं नाव सांगते. नवख्यांसारखा नावाचा घोळ लिंकही घालतो. बेटाच्या उत्तरेला टॅमरांच पर्वत, त्याच्या शिखरावर ठिपक्यांचं प्रचंड अंडं, आणि अंड्यात झोपलेला विंड फिश, म्हणजे वाऱ्याचा मासा. दिसायला तो देवमाशासारखा. एक घुबड अधूनमधून फांदीवर येऊन बसतं आणि लिंकला सांगतं की आठ भुयारांतून आठ वाद्यं मिळव, ती अंड्यासमोर वाजव, मासा जागा होईल. तो जागा झाल्याशिवाय हे बेट सोडता येणार नाही.

हे सगळं ज्या यंत्रावर घडलं ते यंत्रही पाहायला हवं. गेम बॉय १९८९ मध्ये आला तेव्हाच तंत्रज्ञानाच्या दृष्टीने तो मागासलेला होता, आणि ते मुद्दाम होतं. त्याचे कर्ते गुनपेई योकोई यांचं धोरणच होतं की जुनं झालेलं, स्वस्त आणि मुरलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. पाच सेंटीमीटरही रुंदी नसलेला पडदा, त्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, रंग म्हणाल तर शेवाळी हिरव्याच्या चार छटा. पडद्यामागे दिवा नाही, म्हणून खेळायला खिडकीजवळ जायचं. चार पेन्सिल सेल घातले की सुरू. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत हा गेम बॉय क्वचितच पोचला. इथल्या पोरांच्या हातात होता तो ठोकळे रचायचा ब्रिक गेम, आणि टीव्हीला जोडायच्या नकली फॅमिकॉमवरच्या 'कॅसेट'. पण सेल संपत आल्यावर पडद्यावरचं चित्र फिकं होत जातं तेव्हाची धाकधूक त्यांनाही ठाऊक होती.

अशा पडद्यावर बेट बसवायचं कसं? लिंक म्हणजे १६ बाय १६ ठिपक्यांचा चौकोन. खालची पट्टी हृदयं आणि हत्यारं दाखवण्यात जाते, म्हणजे उरतात आडवे दहा आणि उभे आठ चौकोन. एका वेळी तेवढंच बेट दिसतं. कडेला गेलं की पडदा सरकतो आणि पुढचा तुकडा येतो. असे आडवे १६ आणि उभे १६, एकूण २५६ तुकडे. मोठ्या टीव्हीवरच्या खेळात प्रदेश पसरतो आणि खेळाडू त्यातून वाट काढतो. इथे प्रत्येक तुकडा चाळीतल्या खोलीएवढा. दोन दिवस खेळलं की कुठल्या खोलीत कुठला दगड, कुठलं झुडूप कापलं की हृदय मिळतं, कुठल्या पुलाखाली कोळी गळ टाकून बसलाय, हे पाठ होतं. पडदा इवलासा म्हणून बेट लहान, आणि लहान म्हणून माहितीचं. आपल्या गावात अंधारात चालताना जसा पाय आपोआप पडतो, तसा अंगठा पडू लागतो.

हत्यारं वापरायची बटणं तर दोनच, ए आणि बी. मोठ्या खेळात तलवारीचं बटण ठरलेलं असतं. इथे तलवारसुद्धा काढून ठेवता येते आणि कुठल्याही बटणाला काहीही लावता येतं. पीस लावलं की उडी, बूट लावले की धाव, दोन्ही मिळून लांब उडी. बॉम्ब एका बटणाला आणि धनुष्य दुसऱ्याला लावून दोन्ही एकदम दाबलं तर बॉम्ब बांधलेला बाण सुटतो. हे खेळ स्वतःहून सांगत नाही. असं काही अपघाताने हाती लागलं की वर्गात सांगायला विषय मिळायचा.

बेटावरच्या माणसांवर मात्र करणाऱ्यांनी हात आखडता घेतलेला नाही. उलरिरा आजोबा समोर गेलं की लाजून गप्प होतात, पण झाडाच्या बुंध्यात बसवलेल्या टेलिफोनवरून त्यांना फोन केला की अखंड बोलतात. गावातली पोरं खेळ 'सेव्ह' कसा करायचा ते समजावून सांगतात आणि लगेच पुस्ती जोडतात की आपण लहान आहोत, याचा अर्थ आपल्यालाच ठाऊक नाही. मॅरिनचा बाप टॅरिन जंगलात भलतंच मशरूम खाऊन रॅकून होऊन बसतो. एक भूत काही काळ लिंकच्या मागे मागे फिरतं, समुद्राकाठच्या आपल्या पडक्या घरात घेऊन चल म्हणतं, तिथे थोडा वेळ थांबतं आणि मग म्हणतं, आता थडग्याशी सोड. या प्रसंगात लढाई नाही की कोडं नाही. मालिकेत इतका निवांत शोक तोवर कुठे आला नव्हता.

आणि दुकान. धनुष्याची किंमत ९८० रुपी. थैलीत मावतात जास्तीत जास्त ९९९. तेवढी माया जमवण्यापेक्षा दुकानदाराभोवती चकरा मारायच्या, त्याची पाठ वळली की वस्तू घेऊन दारातून पळायचं, हे जमतं. पण खेळ ते विसरत नाही. त्या क्षणापासून लिंकचं, म्हणजे खेळाडूने सुरुवातीला हौसेने घातलेलं, नाव पुसलं जातं आणि बेटावरचा जो तो त्याला 'चोर' म्हणून हाक मारू लागतो. मॅरिनसुद्धा. पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकलं तर दुकानदार जागच्या जागी ठार मारतो. व्हिडिओ गेममध्ये नीतीचे धडे पुष्कळ असतात, पण इतका खट्याळ आणि इतका झोंबणारा क्वचितच.

मॅरिन हे खेळाचं काळीज. ती गाते, तिचं गाणं म्हणजे विंड फिशचंच गीत. वाळवंटाच्या वाटेत आडव्या झोपलेल्या वॉलरसला उठवायला तिचं गाणं लागतं, म्हणून लिंक तिला किनाऱ्यावर शोधायला जातो. तिथे दोघं बसतात आणि ती बोलत राहते, समुद्रापलीकडे काय असेल, आपण सीगल असतो तर किती लांब उडत गेलो असतो. मग थोडा वेळ ती त्याच्यासोबत चालते. तेवढ्यात लिंकने मडकी फोडली तर ती बोलते, विहिरीत उडी मारली तर मागोमाग येऊन त्याच्याच अंगावर पडते, खेळण्यांच्या यंत्राजवळ नेलं तर स्वतः खेळायला घेते आणि भलताच गोंधळ करते. यातल्या एकाही गोष्टीने खेळ पुढे सरकत नाही. पण या चालण्यानंतर मॅरिन पडद्यावर नसली की तिची आठवण येऊ लागते. प्रोग्रॅमरच्या थोडक्या ओळींत एवढं साधलेलं पाहून भल्याभल्या कादंबरीकाराला हेवा वाटावा.

खेळाविषयी लिहिताना शेवट फोडू नये असा संकेत आहे. तो इथे पाळता येत नाही, कारण खेळच स्वतःचं रहस्य शेवटपर्यंत जपत नाही. सहाव्या भुयाराच्या वाटेवर एका देवळात भिंतीवर कोरलेलं चित्र सापडतं. त्याचा मतलब असा की हे बेट, त्यावरची माणसं, राक्षस, आकाश, सगळं त्या झोपलेल्या माशाचं स्वप्न आहे. तो जागा झाला की काही उरणार नाही. घुबड येतं आणि खरंखोटं फक्त विंड फिशलाच ठाऊक असं सांगून विषय टाळतं.

जग म्हणजे कोणाच्या तरी झोपेतलं दृश्य, ही कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. शेषशायी विष्णूची निद्रा कीर्तनांतून ऐकतच इथली माणसं मोठी झाली. पण कोणताही बुवा श्रोत्यांच्या हाती झांजा देऊन, चला, आता त्याला उठवा, असं म्हणत नाही.

इथे नेमकं तेच करायचं आहे. भुयारांतले राक्षस मरतामरता बजावत असतात की मासा उठला तर सगळं बेट जाईल, तूही जाशील. तोवर ती पोकळ धमकी वाटते. भिंतीवरचं चित्र पाहिल्यावर कळतं की ते खरंच बोलत होते. त्यांना बेट वाचवायचं आहे ते सत्ता टिकवण्यासाठी हे मान्य, पण वाचवायचं आहे हेही तितकंच खरं. लिंक बोलत नाही, त्यामुळे त्याला काय वाटतं ते समजायला मार्ग नाही. खेळाडूला दुसरा पर्यायही दिलेला नाही. उरलेली वाद्यं आणायची, नाहीतर यंत्र बंद करून ठेवायचं. आणि बंद केलं तरी बेट दिसेनासं होतंच. तीस वर्षांत खेळांमध्ये निवड करण्याच्या सोयी अफाट वाढल्या, चांगला शेवट, वाईट शेवट, मधला शेवट. इथे एकच वाट आहे आणि ती स्वतःच्या बोटांनी चालावी लागते, म्हणून ती जास्त जड जाते.

आठ वाद्यं जमतात. चेलो, शंख, घंटा, वीणेसारखं हार्प, मारिंबा, ट्रायँगल, ऑर्गन आणि ढोल. यंत्रातून मात्र एका वेळी चारच आवाज निघू शकतात. तरीही अंड्यासमोर सगळी एकत्र वाजू लागतात तेव्हा कानाला चार कधी वाटत नाहीत. मिनाको हामानो, कोझुए इशिकावा आणि काझुमी तोताका यांचं हे संगीत. तोताकांनी तर रिचर्डच्या वाड्यात पुष्कळ वेळ थांबणाऱ्यासाठी आपली एक लाडकी छोटी धूनही लपवून ठेवली आहे. मग बेटाची एकेक जागा पांढरी होत जाते. लिंक समुद्रात एका फळकुटावर जागा होतो, वरून मासा उडत जातो आणि लिंक हसतो. सगळा खेळ एकदाही न मरता पार केला तर श्रेयनामावलीनंतर मॅरिनही एकदा दिसते.

पहिल्या आवृत्तीच्या ३८ लाखांहून जास्त प्रती खपल्या. मालिकेवर तिची छाप पडली. मासेमारी इथून पुढे गेली, एका वस्तूच्या बदल्यात दुसरी घेत जाण्याची लांबलचक साखळी इथून गेली. पुढे मालिकेची धुरा वाहणारे एइजी आओनुमा यांच्या मते मधे हा खेळ झाला नसता तर १९९८ चा 'ओकारिना ऑफ टाइम' वेगळाच झाला असता. त्याच वर्षी गेम बॉय कलरसाठी 'डीएक्स' आवृत्ती आली, रंग, एक जादा भुयार आणि फोटो काढणारा उंदीर घेऊन. पडदा सरकताना नेमक्या क्षणी सिलेक्ट दाबलं की लिंक भलत्याच जागी पोचायचा, ही मूळ खेळातली सर्वांची आवडती चूक त्यात दुरुस्त झाली. २०१९ मध्ये ग्रेझो या कंपनीने निन्टेण्डोच्या स्विच या यंत्रावर सगळं बेट नव्याने घडवलं. काचपेटीत मांडलेल्या खेळण्यांसारखं, कडा धूसर, झाडं प्लास्टिकसारखी चकचकीत. बाहेरच्या जगातला खोल्यांचा हिशोब जाऊन बेट सलग झालं. ते देखणं आहे यात वाद नाही, फक्त अंगठ्याला पाठ झालेल्या २५६ खोल्या त्यात सापडत नाहीत. याच खेळण्यांच्या रूपात २०२४ मध्ये 'एकोज ऑफ विज्डम' आला आणि जी कोहोलिंटवर नव्हती ती झेल्डा अखेर स्वतः नायिका झाली.

मूळ कार्ट्रिजमध्ये खेळ साठवायला तीन जागा होत्या. ती नोंद टिकून राहायची आत बसवलेल्या नाण्याएवढ्या एका सेलवर. ते सेल आता एकेक करून संपताहेत. सेल संपलेलं कार्ट्रिज चालतं, वादळही सुरू होतं, पण तिन्ही जागा रिकाम्या असतात. कार्ट्रिज उघडून सोल्डरिंगने नवा सेल बसवणारे हौशी जगभर आहेत. थोडा जीव उरलेला जुना सेल काढला की मात्र आत उरलंसुरलं तेही जातं. जमवलेली वाद्यं, खेळाडूने घातलेलं नाव, आणि ज्यांनी दुकानात हात मारला होता त्यांच्या नावाच्या जागी लिहिलेला 'चोर' हा शब्दसुद्धा.